अखर्चित

एकतीस मार्चला आमच्या खात्यात
चहासुद्धा उभ्यानेच होतो.
उरलेलं सगळं परत करायचं असतं:
न वापरलेली रक्कम, न फाडलेल्या पावत्या
आणि त्या वर्षी, एका वेगळ्या फायलीत,
माणसं.

लेखाशीर्ष एकच, निवारा.
त्याखाली पत्र्याच्या बराकी, तिमजली फळ्या,
काटेरी तारेची भेंडोळी.
निवाऱ्यात तार कशी, मी एकदा विचारलं.
साहेब म्हणाले, "याऊबाई, बेरीज जुळतेय ना?"
जुळत होती.
शेवटच्या ओळीत हनोईपर्यंतचं विमान.
परत पाठवायचं भाडंही
निवाऱ्यातूनच.

घरी बाबा टेबलावर हात आपटायचे,
"त्यांना बांधून देता, आणि आम्ही नऊ वर्षं रांगेत!"
खोटं नव्हतं. शाम शुई पोच्या त्या खोलीत
आम्ही पाचजण पाळीपाळीने झोपायचो.
पण बासष्ट साली
छातीला फुटबॉलचं ब्लॅडर बांधून
रात्रीचं पोहत आलेल्या माणसाने
होडीतून आलेल्यांवर किती ओरडावं?
मी मासळीचा तुकडा त्यांच्या वाडग्यात ठेवला
आणि गप्प बसले.

साठा तपासायला मला छावणीत धाडलं.
फळी क्रमांक चारशे सतरा, वरची.
द्वान थी ख्वे. काम जाळी विणण्याचं.
नवरा वाटेत.
वाटेत म्हणजे कुठे, ते दुभाष्याने सांगितलं नाही.
मी टेप काढला, तोवर तिने विती टाकून दाखवल्या,
आठ लांब, पाच रुंद.
त्यात ती, मुलगा, एक पातेलं,
आणि पडदा म्हणून सरकारी कांबळं, मधोमध फाटलेलं.
अंथरूण पाहून पाय पसरावेत.
सहा वर्षं तिने ते पोटाशीच ठेवले होते.

मुलगा तारेच्या आतच जन्मलेला.
नाव त्र्येउ. म्हणजे भरती, दुभाषी म्हणाला.
म्हैस त्याला चित्रातली ठाऊक,
कुलूप मात्र खरं,
नेहमी बाहेरच्या बाजूचं.
त्याने मला विचारलं,
"तुझ्या घरी तू कितव्या फळीवर?"
"मधल्या," मी म्हणाले. खरंच होतं.
तो खूश झाला. मधली म्हणजे मोठ्या माणसांची.

विमान पहाटे गेलं. मी नव्हते तिथे.
माझ्यापर्यंत आली ती पोच.
प्रौढ एक, मूल एक, पिशव्या दोन,
घर उभारायला मदत माणशी अमुक,
मुलाला निम्मी.
रात्री पाठकोऱ्या कागदावर मी हिशेब मांडला.
पत्रे किती येतील, वासे किती,
पहिल्या पिकापर्यंतचा तांदूळ वगळून.
एक भिंत कमी पडत होती.
पुन्हा मांडला. शाळेतल्यासारखा, हातचे धरून.
तरी कमीच.

साठा वहीत एक कांबळं भरेना.
नियम म्हणतो, जबाबदारी निश्चित करावी.
मी लिहिलं, "जीर्ण. निर्लेखित."
सही केली, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.
एकवीस वर्षांच्या नोकरीतली
माझी ही एवढीच अफरातफर.

त्याच वसंतात आमचा नंबर लागला.
बाविसावा मजला.
पहिल्या दिवशी बाबा नुसतं दार लावत होते,
उघडत होते, पुन्हा लावत होते,
आतून.

खिडकीतून दोन इमारतींमध्ये
समुद्राची एक फीत दिसते.
तिच्यातून होडी सरकली की बाबा उठून आत जातात.
मी भांडी तशीच ठेवून बघत राहते.
जिथे ती भिंत कमी पडत होती
तिथे बहुधा कांबळं टांगलं असेल तिने,
वारा सुटला की आत फुगणारं.
त्याच्या कोपऱ्यात आमच्या खात्याचा क्रमांक आहे.
कितीही धुतला
तरी तो जात नाही.